लाटांची वर्तणूक

माझ्या नववीच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तणूक' या रकान्यात 'सुधारणा आवश्यक' असा शेरा आहे. पहिलीपासून आठवीपर्यंत तिथं 'चांगली' असायचं. मधल्या काळात मी कुणाला मारलं नव्हतं, कॉपी केली नव्हती, मधल्या सुट्टीत कुणाच्या आवारातल्या कैऱ्याही पाडल्या नव्हत्या. मी फक्त विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला होता.

गोष्ट 1988 ची. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला इतकं लागून की पावसाळ्यात पापड आणि पुस्तकं सारखीच सादळायची. डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. सरांनी वर्गात विचारलं तेव्हा हुशार मुलांनी चांगले विषय भराभर पटकावले. गोबर गॅस गेला. ज्वालामुखी गेला. थर्माकोलचं धरण गेलं. धरण तर दरवर्षी तेच असायचं, फक्त त्याच्या मागे उभा राहणारा विद्यार्थी बदलायचा. मी आणि माझा बाकावरचा जोडीदार खिडकीबाहेर बघत होतो.

"तुम्ही दोघं! काय बघताय बाहेर?" सर ओरडले.

बाहेर समुद्र होता. मी खरं ते सांगितलं, "लाटा, सर."

सरांनी वहीत लिहून घेतलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हाला बोलावून तीन शब्द दिले: परावर्तन, अपवर्तन, विवर्तन. लाट भिंतीवर आपटून परत फिरते ते परावर्तन, खोल पाण्यातून उथळात शिरताना वळते ते अपवर्तन, आणि फटीतून निघाल्यावर पसरते ते विवर्तन. चौथा शब्द व्यतिकरण, म्हणजे दोन ठिकाणांहून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्यावर जे होतं ते. "हे जमलं तर जिल्ह्याला जाल," असं सर म्हणाले. पहिल्या तिन्ही शब्दांच्या शेवटी 'वर्तन' होतं, म्हणून मी तक्त्यावर मोठ्या अक्षरांत मथळा लिहिला, 'लाटांची वर्तणूक'. चौथा शब्द त्यात बसत नव्हता. तेव्हापासूनच मी त्याच्याशी सावत्रपणे वागलो.

घरी सांगितल्यावर आजी म्हणाली, "दर्या दाराशी, नि हा मेला लाटा परातीत पाळतोय!"

आजीचं बोलणं मनावर घेण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. घेतलं असतं तर प्रकल्प फुकटात झाला असता. गावाच्या टोकाला काळे खडक आहेत, त्यांवर लाट आपटून उलटी फिरते आणि येणाऱ्या लाटेच्या अंगावर जाते. पुळणीवर उभं राहिलं तर लाटा नेहमी आपल्याकडेच तोंड करून येताना दिसतात, मग वारा कुठूनही असो. कारण तिरक्या लाटेचं जे टोक आधी उथळ पाण्यात शिरतं ते आधी मंदावतं, दुसरं टोक मागून गाठतं, आणि किनाऱ्याशी येईस्तोवर लाट सरळ होते. हे अपवर्तन. पलीकडे हर्णैच्या समोर सुवर्णदुर्ग आहे. त्याच्या आडोशाला पाणी निवांत असतं, म्हणून होड्या तिथं लावतात. पण अगदी गप्प कधीच नसतं, किल्ल्याच्या कडेनं वळून लाट थोडी आत येतेच. हे विवर्तन. परीक्षकांना चालवत पुळणीवर नेलं असतं आणि हात लांब करून दाखवलं असतं तर काम झालं असतं. पण पुस्तकात टाकी होती, म्हणून आम्हाला टाकी हवी होती.

टाकी म्हणजे तरंग-टाकी. उथळ, काचेच्या तळाची. वर दिवा टांगायचा, खाली पांढरा कागद पसरायचा. पाण्यात तरंग उठला की त्याचा उंचवटा भिंगासारखा प्रकाश गोळा करतो आणि कागदावर उजळ रेघ पडते. खळग्यानं प्रकाश फाकतो, तिथं काळोख पडतो. पाणी आरपार, काच आरपार, तरी लाट कागदावर चालताना दिसते. ही युक्ती थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं दिलेली व्याख्यानं 1807 मध्ये छापून आली, त्यांत ती आहे. यंगला पाण्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. प्रकाश हीसुद्धा लाटच आहे हे त्याला लोकांच्या गळी उतरवायचं होतं. प्रकाशाची लाट कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यानं पाण्याची दाखवली. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की काच लागणार, दोन फूट बाय दीड फूट.

एवढी मोठी काच आमच्या माहितीत एकाच ठिकाणी होती. आमच्या माजघरात, आजोबांच्या तसबिरीवर.

रविवारी सकाळी अख्खी वाडी 'महाभारत' बघायला टीव्हीवाल्या घरी जायची. पांडव पडद्यावर आले की गावात चोरी करायला पूर्ण मोकळीक. मी पोटात दुखतंय म्हणून मागे राहिलो, तसबीर उतरवली, मागचे बारीक खिळे उपटले, काच काढली, फोटो आणि मागची फळी परत बसवली आणि तसबीर खुंटीला टांगली. लांबून काही फरक कळत नव्हता. उलट काचेची चमक गेल्यामुळे आजोबा जास्त ठसठशीत दिसायला लागले होते. मला वाटलं, झाला तर उपकारच झाला.

सुतारकाकांनी फळकुटांची चौकट करून दिली आणि सांगितलं, कडांना लांबी भर. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून करतात ती लांबी. खिडकीच्या काचेला लावतात. आम्ही पाव किलो मळली. जोडीदाराच्या हाताला तेलाचा वास आठवडाभर होता आणि तो त्याबद्दल अभिमानानं सांगत फिरायचा. पहिल्या रात्री टाकी भरून ठेवली, सकाळी कोरडी. जमीन शेणाची, त्यामुळे पाणी कुठे गेलं याचा पुरावाही नव्हता. पुन्हा लांबी. तिसऱ्या दिवशी गळती थेंबावर आली. थेंब चालतील असं आमचं एकमत झालं.

आता लाटा करणारं यंत्र. सरांनी प्रयोगशाळेतली विजेची घंटी दिली. तिची वाटी काढून टाकली, टोल्याच्या दांड्याला हॅकसॉचं जुनं पातं आडवं बांधलं आणि पात्याच्या दोन टोकांना दोन मणी लटकवले. मणी दारावरच्या तोरणातले. सेल जोडले, घंटी घुर्रर्र करू लागली, मणी पाण्यात थरथरले, आणि आम्ही दोघं श्वास रोखून खाली कागदाकडे वाकलो.

कागदावर लाटा नव्हत्या.

सगळा कागद करडा, धूसर. आणि त्या करड्यात, दोन मण्यांच्या मधून निघून हातपंख्याच्या काड्यांसारख्या फाकत गेलेल्या काही रेघा. त्या हलत नव्हत्या. "काच खराब आहे," जोडीदार म्हणाला. मला पटलं. पाणी उपसलं, काच राखेनं घासली, पाणी भरलं. रेघा तिथंच. नारळाच्या शेंडीनं घासली. रेघा तिथंच. घंटी बंद केली की रेघा नाहीशा व्हायच्या, चालू केली की हजर. कुणाही शहाण्या माणसाला इथं शंका आली असती, कारण काचेवरचा डाग काही घंटी वाजवल्यावर येत नाही. पण आमच्यापुढे विचार करण्याचं काम नव्हतं, प्रदर्शनाचं होतं.

शेवटी मी एक मणी काढून टाकला. रेघा गेल्या. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या. कागद मात्र करडाच राहिला, म्हणून घंटीही काढली आणि बोटानं काम सुरू केलं. बोट बुडवलं की एकच सुरेख, गोल, सावकाश पसरणारी लाट. बघा, म्हटलं, उगाच विजेचा खर्च.

पण ती लाट चौकटीच्या भिंतींवर आपटून परत यायची. चार भिंती, चार परत येणाऱ्या लाटा, त्या पुन्हा समोरच्या भिंतीवर. पाच-सहा सेकंदांत कागदावर असा गोंधळ व्हायचा, जणू कुणी रांगोळीवरून शेळी नेली. तेव्हा जोडीदारानं आमच्या प्रकल्पातला एकमेव अस्सल विचार मांडला. "पुळणीवरची लाट परत का येत नाही? उतार आहे म्हणून. आपण पण उतार करू." तो अगदी बरोबर होता. प्रयोगशाळांतल्या टाक्यांना कडेनं उतार किंवा स्पंज असतो तो त्याचसाठी. प्रश्न फक्त आम्ही उतार कशाचा केला हा आहे. आम्ही पुळणीवरून दोन डबे वाळू आणली आणि टाकीच्या चारी कडांना थापली.

लाटा निवल्या. पाणी मात्र जायफळ घातलेल्या दुधाच्या रंगाचं झालं.

याच सुमारास माजघरातून आजीची हाक आली. तिची हाक दोन प्रकारची असायची. एकीला गेलं नाही तरी चालायचं.

ही दुसरी होती.

आजी रोज देवपूजा झाली की आजोबांच्या कपाळाला गंध लावायची आणि त्याआधी ओल्या फडक्यानं कालचं गंध पुसायची. काच होती तोवर ठीक. काच गेल्यावर ओलं बोट आणि ओलं फडकं रोज थेट फोटोवर फिरत होतं. तिला मोतीबिंदू होता, बोटाला काच लागत नाही हे तिच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या दोन दिवसांत कपाळ फुगलं. चौथ्या दिवशी फडक्याबरोबर आजोबांची डावी भुवई आली.

"मेल्या," आजी फडकं माझ्यापुढे धरून म्हणाली, "माझ्या नवऱ्याची भुवई लाव परत."

बाबांनी काही केलं नाही. ते फक्त म्हणाले, "प्रदर्शन होऊ दे." हे वाक्य त्यांनी जेवताना एकदा, झोपताना एकदा आणि सकाळी दात घासताना एकदा म्हटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी टाकी गोणपाटात गुंडाळून एसटीत चढवली. कंडक्टरनी विचारलं, "काय आहे त्यात?" जोडीदार म्हणाला, "लाटा." त्यांनी आम्हाला सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं. घाटातल्या प्रत्येक वळणावर वाळूचा थोडा ऐवज आमच्या चपलांत आला.

आम्हाला मिळालेला वर्ग भर उजेडाचा, आणि तरंग-टाकीला हवा काळोख. दोन बाकांवर टाकी ठेवली, वरून 60 वॅटचा बल्ब सोडला आणि सगळ्यावर सोलापुरी चादर टाकून तंबू केला. बघणाऱ्यानं गुडघ्यांवर बसून आत डोकं घालायचं. गळतीचे थेंब नेमके त्याच्या मानेवर पडायचे. शेजारी ज्वालामुखी होता. तो दर दहा मिनिटांनी फसफसायचा आणि टाळ्या घ्यायचा.

दुपारी परीक्षक आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, शांत चेहरा. त्यांनी पँट वर ओढली, गुडघे टेकले, चादरीत शिरले. मी बोट बुडवलं. कागदावर उजळ वर्तुळ पसरलं. ते खरंच बघण्यासारखं होतं, इतक्या वर्षांनी सांगतो, गढूळ पाण्यातूनही.

"छान," ते म्हणाले. मग त्या वर्तुळावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, "लांबी किती?"

त्यांना तरंगलांबी म्हणायचं होतं. एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. तक्त्यावर मीच ती व्याख्या लाल शाईत लिहिली होती. पण तीन आठवडे मी त्या टाकीच्या कडांशी झुंजत होतो आणि माझ्या आयुष्यात 'लांबी' या शब्दाला तेव्हा एकच अर्थ उरला होता.

"पाव किलो, सर."

चादरीत शांतता पसरली. त्यांच्या मानेवर एक थेंब पडला.

"किती?"

जोडीदाराला वाटलं मी खोटं बोलताना पकडलो गेलो. तो कळवळून म्हणाला, "नाही सर, दीड पाव. गळतीला नंतर लागली ती हा धरत नाहीये."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. ते चांगले गृहस्थ असणार, कारण त्यांनी आम्हाला आणखी एक संधी दिली. "बरं. दोन उगम घेऊन बघितले का? दोन ठिकाणांहून लाटा काढल्या का?"

"हो सर," मी उत्साहानं म्हणालो, "पण काच खराब दिसायला लागली म्हणून एक काढून टाकला."

"खराब म्हणजे?"

"रेघा दिसत होत्या, सर. पंख्यासारख्या. खूप घासल्या."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी पुढे एकदाच पाहिली. लग्नानंतर, मी बायकोची लोखंडी कढई विम लावून लख्ख घासली होती तेव्हा. ते काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. इतक्यात कागदावर, आमच्या वर्तुळाच्या शेजारी, तळहाताएवढा एक काळा आकार उमटला. त्याला पाय होते. तो तिरका चालू लागला.

वाळूबरोबर एक खेकडा आला होता. नखाएवढाच असेल, पण वरच्या दिव्यामुळे खाली सावली मोठी पडली होती. परीक्षक चादर घेऊनच उठले. बल्ब फुटला नाही, एवढं नशीब.

पुढचा तासभर आमच्या वर्गाला जत्रेचं रूप आलं. ज्वालामुखीकडे कुणी फिरकेना. पोरं रांग लावून चादरीत डोकी घालत होती, "खेकड्याचा पिक्चर" बघायला. खेकडा चालताना त्याच्या पुढच्या बाजूचे तरंग दाटीवाटीनं आणि मागच्या बाजूचे विरळ पडत होते. आपणहून चालणाऱ्या उगमाच्या लाटा अशाच पडतात, हे क्रिस्टियान डॉप्लरनं 1842 मध्ये मांडलं होतं, आणि 1845 मध्ये हॉलंडात आगगाडीत तुताऱ्या वाजवणारी माणसं बसवून ते आवाजाच्या बाबतीत तपासून बघितलं गेलं. आम्ही काहीच न करता तोच परिणाम दाखवत होतो. पण तो बघायला कुणी नव्हतं. आम्ही दोघं बाहेर रांग सांभाळत होतो. खेकडा संध्याकाळी डब्यातून परत नेऊन पुळणीवर सोडला, हे आमच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

निकालात आमच्या नावापुढे लिहिलं होतं, 'विषय चांगला. सजीव प्राणी प्रयोगात वापरू नयेत.' धरण जिल्ह्याला गेलं.

हे सगळं मी विसरलो होतो. आता मी ठाण्यात एका कचेरीत आहे. लाट म्हटलं की मला उष्णतेची आठवते. दोन वर्षांपूर्वी मुलगी दहावीत होती. एका रात्री ती मोबाइल घेऊन आली. पडद्यावर खोटं पाणी, त्यात बोटानं दोन ठिकाणी थेंब पाडता येत होते. तिनं दोन थेंब ठेवले. गोल लाटा निघाल्या, एकमेकींत शिरल्या, आणि दोघींच्या मधून हातपंख्याच्या काड्यांसारख्या रेघा फाकत गेल्या.

"काच खराब आहे," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"कुठली काच? बाबा, हे व्यतिकरण आहे. या रेघांवर पाणी हलतच नाही. एकीचा उंचवटा येतो त्याच क्षणाला दुसरीचा खळगा येतो, दोन्ही एकमेकींना खातात. म्हणून लाटा पळत असल्या तरी या रेघा जागेवर थांबतात. थॉमस यंगनं हेच दाखवलं ना!"

घंटीचा दांडा इतका भराभर हलत होता की पळणाऱ्या लाटा आमच्या डोळ्यांना करड्या धुरासारख्या दिसल्या. दिसायच्या होत्या त्या थांबलेल्या रेघाच. प्रकाश लाट आहे हे सिद्ध करायला यंगनं ज्यांचा आधार घेतला, त्या माझ्या टाकीत पहिल्याच दिवशी, सेल जोडल्या जोडल्या आल्या होत्या. सरांनी जिल्ह्याला जाल म्हणून सांगितलेला चौथा शब्द तो. मी तो राखेनं घासला, शेंडीनं घासला आणि शेवटी मणी तोडून घालवला.

त्या रात्री झोप लागेना म्हणून कागद घेऊन हिशेब केला. तसल्या उथळ पाण्यात बारीक तरंग सेकंदाला साधारण 25 सेंटिमीटर जातो. घंटीचा दांडा सेकंदाला पंधरा वेळा हलत होता असं धरलं, तर भागाकार येतो 1.67. म्हणजे परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास पावणेदोन सेंटिमीटर. 'पाव'पर्यंत मी बरोबर होतो. जोडीदाराला फोन करून हे सांगितलं. तो आता दापोलीत हार्डवेअरचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "दीड पावच होती. मी मळली होती."

बाबांनी 1989 च्या गणपतीआधी तसबिरीला नवी काच बसवून आणली. तिचे पैसे माझ्या फटाक्यांतून वळते झाले, सलग दोन दिवाळ्या. भुवई आजीनं स्वतः काजळानं काढली. मोतीबिंदूमुळे ती उजवीपेक्षा जरा वर गेली आहे. तसबीर अजून माजघरात आहे, आणि मी गावी गेलो की आजोबा एक भुवई उंचावून माझ्याकडे बघत असतात.